लातूरची प्रायमरी, नांदेडचं तिकीट

मार्च २०१४ मध्ये लातूर लोकसभा मतदारसंघात काँग्रेसचा उमेदवार कोण असावा, यासाठी काँग्रेसच्याच लोकांनी मतदान केलं होतं. आज हे सांगितलं तर अनेकांना खोटं वाटतं. तिकीट म्हणजे दिल्लीहून येणारी चिठ्ठी, हीच आपली सवय. पण त्या वर्षी जानेवारीत काँग्रेस महासमितीच्या दिल्लीतल्या बैठकीत राहुल गांधींनी जाहीर केलं की देशातल्या पंधरा मतदारसंघांत उमेदवार कार्यकर्तेच निवडतील. अमेरिकेतल्या ‘प्रायमरी’वरून घेतलेला हा प्रयोग. महाराष्ट्राच्या वाट्याला अखेर दोन जागा आल्या, लातूर आणि वर्धा. लातुरात दत्तात्रय बनसोडे निवडून आले, पक्षाने त्यांनाच उभं केलं आणि मे महिन्यात ते भाजपच्या सुनील गायकवाडांकडून २,५३,३९५ मतांनी पडले.

त्याच निवडणुकीत शेजारच्या नांदेडला कसलीही प्रायमरी झाली नाही. तिथे अशोक चव्हाणांना वरून तिकीट मिळालं. आदर्श सोसायटी प्रकरणात मुख्यमंत्रिपद गेलेलं, सीबीआयच्या आरोपपत्रात नाव, २००९ च्या विधानसभेतल्या ‘पेड न्यूज’चा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला. आणि ते ८१,४५५ मतांनी निवडून आले. अख्ख्या महाराष्ट्रात काँग्रेसच्या दोनच जागा आल्या, त्यातली ही एक. दुसरी हिंगोलीची, राजीव सातवांची.

या दोन निकालांवरून आमच्या स्टाफरूममध्ये तेव्हा एका सहकाऱ्याने झटकन निष्कर्ष काढला होता की लोकांना प्रामाणिक माणूस नकोच असतो, काम करणारा हवा असतो. मला तो निष्कर्ष तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही. पण त्याला उत्तर द्यायचं तर थोडं मागे जावं लागतं.

आधी शब्दांबद्दल. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून ही खोड. ‘उमेदवार’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. उम्मीदवार म्हणजे आशा धरून बसलेला. भल्या माणसाला उर्दूत आपण ‘ईमानदार’ म्हणतो, मराठीत ‘प्रामाणिक’. विद्यार्थ्यांना मी हे समानार्थी म्हणूनच लिहायला सांगतो, परीक्षेत गुण त्यालाच मिळतात. पण मुळात दोन्हींत फरक आहे. ईमान आतलं असतं, ते अल्लाहला ठाऊक. प्रमाण बाहेर दाखवावं लागतं. निवडणुकीत आपण बहुधा ईमानदार माणूस शोधतो आणि प्रमाण मागायचं विसरतो.

मुसलमानांना तर हे विसरायचं कारणच नाही. माणसं तोलण्याचं एक सबंध शास्त्र आपल्याकडे उभं राहिलं. हदीस सांगणारा रावी कितपत भरवशाचा, हे ठरवणारं ते ‘जरह व तादील’. त्यात दोन प्रश्न वेगवेगळे विचारले जात. पहिला ‘अदालत’ म्हणजे चारित्र्याचा : हा खोटं बोलतो का, फर्ज पाळतो का, लोकांत याची वागणूक कशी? दुसरा ‘जब्त’चा : ऐकलेलं नीट लक्षात राहतं का, वयानुसार स्मरण ढळलं का, वही जळाल्यावर आठवणीतून सांगताना गोंधळ झाला का? पहिल्यात पास आणि दुसऱ्यात नापास असे कितीतरी नेक लोक या ग्रंथांत सापडतात. इमाम मालिक यांच्याबद्दल सांगितलं जातं की मदिनेतली अनेक माणसं अशी होती, ज्यांच्या हाती त्यांनी बैतुलमाल निर्धास्त सोपवलं असतं, पण त्यांच्याकडून एकही हदीस घेतली नाही. ते त्या कामाचे नव्हते. यात त्या माणसांचा अपमान नव्हता.

आणि अली इब्नुल मदीनी! आपल्या काळातले हदीसचे फार मोठे जाणकार. त्यांना स्वतःच्या वडिलांबद्दल विचारलं गेलं तेव्हा त्यांनी वडिलांना कमजोर रावी ठरवलं. हा दीनचा मामला आहे, इथे बाप-बेटा चालत नाही, अशी त्यांची भूमिका. हे मी मुद्दाम सांगतोय, पुढे वर्ध्याला गेल्यावर आठवेल.

आपल्या मोहल्ल्यांत उमेदवाराबद्दल काही बोलायला गेलं की कुणीतरी वडीलधारं म्हणतं, “जाऊ दे बेटा, गीबत होते.” गीबत हराम आहे, त्यात वाद नाही. पण इमाम नववींनी ‘रियाजुस्सालिहीन’मध्ये सहा प्रसंग सांगितले आहेत, जिथे माणसाचा दोष सांगणं जायज, किंबहुना जरुरीचं ठरतं. त्यात रावीचा दोष सांगणं येतं, आणि सल्ला मागणाऱ्याला खरं सांगणंही येतं. याला आधार म्हणून फातिमा बिन्ते कैस यांचा प्रसंग दिला जातो. त्यांना दोघांकडून मागणी आली होती. त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारलं. प्रेषितांनी दोघांचीही नावं घेऊन एकेक दोष सांगितला. मुआविया यांच्याकडे पैसा नाही, आणि अबू जहम यांची काठी खांद्यावरून उतरत नाही. मग तिसरंच नाव सुचवलं, उसामा यांचं. दोघेही सहाबी होते. त्यांच्या ईमानावर बोट ठेवलं गेलं नाही. संसाराच्या कामाला जे आड येईल तेवढंच सांगितलं, जास्त नाही आणि कमीही नाही. उमेदवार कसा तोलावा याचा इतका मोजका धडा मला दुसरीकडे सापडलेला नाही.

आता मराठवाड्याकडे.

इथल्या राजकारणात पक्षांतर्गत निवडणुकीने माणूस निवडला गेला, असं काही २०१४ ला पहिल्यांदा घडलं नाही. १९४६ मध्ये निजाम सरकारने हैदराबाद स्टेट काँग्रेसवरची बंदी उठवली आणि अध्यक्ष कोण याचा प्रश्न आला. एका बाजूला स्वामी रामानंद तीर्थ, दुसऱ्या बाजूला बुर्गुल रामकृष्ण राव. स्वामीजी थोडक्या मतांनी जिंकले. नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, त्यामुळे आमच्या मुलांना नाव माहीत असतं, पण ही चुरस माहीत नसते.

दोघांच्या चारित्र्याबद्दल शंका घेणारं कुणी नव्हतं. स्वामीजी संन्यासी, हिप्परग्याच्या आणि अंबाजोगाईच्या शाळेतले शिक्षक, मालमत्ता शून्य, तुरुंग सोसलेला. बुर्गुल हैदराबादचे नामांकित वकील, पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकलेले, उर्दू-फारसीचे जाणकार, दरबारी लोकांशीही अदबीने बोलणारे. एक लढायला निघालेला, दुसरा समेट शोधणारा. म्हणजे निवड सच्चा आणि लबाड यांच्यात नव्हती. १९४६ साली हैदराबाद संस्थानाला कोणत्या स्वभावाचा माणूस लागेल, एवढाच प्रश्न होता. कार्यकर्त्यांनी लढणारा निवडला. पुढे १९५२ ला निवडून आलेल्या सरकारचे मुख्यमंत्री मात्र बुर्गुल झाले. त्याआधी महसूलमंत्री असताना १९५० चा कूळकायदा त्यांच्या काळात आला. माझ्या मते दोन्ही निवडी आपापल्या वेळी बरोबर होत्या. ‘सर्वांत चांगला माणूस’ असा शोध घेतला असता तर दोन्ही वेळा भांडणच झालं असतं.

मधल्या काळात सप्टेंबर १९४८ येऊन गेला. पोलीस ॲक्शननंतर उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या चार जिल्ह्यांत मुसलमानांची सर्वाधिक प्राणहानी झाली, असं पंडित सुंदरलाल समितीने लिहून ठेवलं. लातूर तेव्हा उस्मानाबादमध्येच होतं, वेगळा जिल्हा झाला तो १९८२ ला. हे इथे सांगायचं कारण एवढंच की त्यानंतर आमच्या घरांतलं उमेदवार तोलायचं माप बदललं. तो पैसे खातो का, हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर गेला. पहिला प्रश्न असा झाला : वेळ आली तर रात्री दार उघडेल का? हे माप बाहेरच्यांना संकुचित वाटतं. ज्यांच्या आजी-आजोबांनी ते दिवस पाहिले त्यांना नाही वाटत. मात्र या मापाने तोलायची सवय लागली की बाकीची वजनं गंजून जातात, हेही तितकंच खरं.

नांदेड आणि लातूर हे मुख्यमंत्र्यांचे जिल्हे. दोन्हींत एक विचित्र जोड आहे. मार्च १९८६ मध्ये निलंग्याचे शिवाजीराव पाटील निलंगेकर यांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. मुलीच्या एम.डी. परीक्षेतल्या गुणवाढीचं प्रकरण, त्यावर उच्च न्यायालयाचे ताशेरे. जागी आले नांदेडचे शंकरराव चव्हाण. डिसेंबर २००८ मध्ये मुंबईवरच्या हल्ल्यानंतर लातूरच्या विलासराव देशमुखांना जावं लागलं. जागी आले शंकररावांचेच चिरंजीव अशोकराव.

शंकररावांना लोक ‘हेडमास्तर’ म्हणत. कडक शिस्त, फायलीत डोकं, पैशाच्या व्यवहारात बोट ठेवायला जागा नाही. जायकवाडी त्यांच्या आग्रहातून उभं राहिलं, विष्णुपुरीचं पाणी नांदेडला त्यांच्यामुळे दिसलं. अदालतीच्या कसोटीवर मराठवाड्याच्या राजकारणात त्यांच्यासारखे थोडे. पण ६ डिसेंबर १९९२ ला देशाचे गृहमंत्री तेच होते. बाबरी मशिदीचा ताबा केंद्राने घ्यायचा झाला तर काय करायचं, याची योजना गृहसचिव माधव गोडबोले यांनी तयार केली होती. ती वापरली गेली नाही. अंतिम निर्णय पंतप्रधान नरसिंह रावांचा होता हे मान्य, पण खातं शंकररावांचं होतं. नांदेडच्या मुसलमानांनी त्यांना काय म्हणावं? बेईमान म्हणता येत नाही, तो माणूस तसा नव्हता. फक्त ‘चांगला माणूस होता’ म्हणून सोडूनही देता येत नाही. मला इथे जब्तचा मुद्दा आठवतो. सोपवलेली गोष्ट सांभाळणं ही वेगळी कसोटी आहे, ती स्वच्छ हातांनी आपोआप पास होत नाही. आपल्या घरांत मात्र या विषयावर दोनच सूर ऐकू येतात, एक त्यांना पूर्ण माफ करणारा आणि एक सगळं पुसून टाकणारा.

विलासरावांचं उलट. माणसांत रमणारे, मुशायऱ्याला आले तर शेर ऐकून दाद देणारे, लातूरच्या प्रत्येक मोहल्ल्यात नावाने ओळखणारे. आणि त्यांच्याच सरकारला डिसेंबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दहा लाखांचा दंड केला. का? तर विदर्भातल्या एका काँग्रेस आमदाराच्या सावकारी करणाऱ्या कुटुंबाविरुद्ध शेतकऱ्याची तक्रार पोलिसांनी नोंदवू नये म्हणून मुख्यमंत्री कार्यालयाने हस्तक्षेप केला होता. शेतकरी आत्महत्या करत होते त्या काळातली ही गोष्ट. निकालानंतर महिनाभरात केंद्रात त्यांना ग्रामविकास खातं मिळालं. ग्रामविकास! १४ ऑगस्ट २०१२ ला विलासराव गेले तेव्हा लातुरात चुली पेटल्या नाहीत असं लोक सांगतात, आणि ते प्रेम खोटं नव्हतं. पण प्रेमाला दोष दिसत नाही आणि दंड ठोठावणाऱ्या कागदात प्रेम दिसत नाही. तोलायला बसलं की दोन्ही पारड्यात घालावं लागतं.

या पार्श्वभूमीवर लातूरची प्रायमरी आली. २००८ च्या पुनर्रचनेत लातूर अनुसूचित जातीसाठी राखीव झालं होतं. त्याआधी शिवराज पाटील चाकूरकर सात वेळा इथून निवडून आले, आणि २००४ ला निलंगेकरांच्याच सून रूपाताईंनी भाजपकडून त्यांना पाडलं. २००९ ला काँग्रेसने राखीव जागेवर उमेदवार आणला तो थेट कोल्हापूर जिल्ह्यातून, जयवंतराव आवळे. ते निवडून आले, पण सुनील गायकवाडांवर आघाडी होती फक्त ७,९७५ मतांची. एका जिल्ह्यातली राखीव जागा लढवायला त्या जिल्ह्यात लायक माणूस सापडत नाही, यासारखी दुसरी नाचक्की नाही. त्यामुळे २०१४ ला ‘तुमचा माणूस तुम्ही निवडा’ असं वरून सांगितलं गेलं तेव्हा लातूरच्या कार्यकर्त्यांना बरं वाटलं असणार. बनसोडे लातूरचे. एवढी एक गोष्ट तरी त्या मतदानाने दुरुस्त केली. दिल्लीला लातूरची वाट सापडली.

पण मत कुणाला होतं? अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी विस्कॉन्सिनसारख्या राज्यांनी कायदा करून प्रायमरी आणली, ती पक्षाच्या म्होरक्यांच्या हातून उमेदवारी काढून साध्या मतदारांकडे देण्यासाठी. आपल्याकडे मताचा हक्क मिळाला पक्षाचे पदाधिकारी, आजी-माजी निवडून आलेले लोक आणि युवक, महिला, विद्यार्थी अशा संघटनांच्या प्रतिनिधींना. म्हणजे ज्यांना नेत्यांनीच पदं दिली होती, त्यांना विचारलं की नेता कोण. यादी कुणाच्या हातची आहे हे बघितलं की निकालाचा निम्मा अंदाज तिथेच येतो. निवडणूक ड्यूटीवर गेलेला कोणताही शिक्षक हे सांगेल. मतदानाच्या दिवशी भांडणं होतात, पण खरा खेळ मतदार यादी होते तेव्हाच झालेला असतो.

वर्ध्याचं चित्र याहून बोलकं होतं. विद्यमान खासदार दत्ता मेघे, शिक्षणसंस्थांचं मोठं जाळं चालवणारे. त्यांचे चिरंजीव सागर मेघे प्रायमरीत उतरले. समोर चारुलता टोकस, म्हणजे प्रभा राव यांच्या कन्या. प्रभाताई वर्ध्याच्या माजी खासदार, प्रदेश काँग्रेसच्या अध्यक्ष, पुढे हिमाचल आणि राजस्थानच्या राज्यपाल. घराणेशाही मोडायला आणलेल्या प्रयोगात मुख्य लढत लागली एका मुलात आणि एका मुलीत. सागर मेघे जिंकले. लोकसभेला भाजपचे रामदास तडस यांच्यासमोर दोन लाखांहून जास्त मतांनी हरले. आणि काही महिन्यांतच मेघे कुटुंब भाजपमध्ये गेलं.

इथे थांबून विचार करण्यासारखं आहे. प्रायमरीत मत देणाऱ्यांनी दोघांत कसला फरक बघायला हवा होता? भाषण, पैसा, जात, संस्थेतल्या नोकऱ्या, हे सगळं त्यांनी बघितलं असेल. पण पक्षांतर्गत निवडणुकीत पहिला प्रश्न सरळ आहे : हरल्यावर हा इथे राहील का? मेघे साहेबांचा मागचा प्रवास काही गुपित नव्हता. राष्ट्रवादीतून ते काँग्रेसमध्ये आलेले होते. रावीचा चरित्रग्रंथ उघडला की कोण कुठून कुठे गेला, कुणाकडे किती दिवस राहिला, हे आधी लिहिलेलं असतं. तेवढं पान जरी वाचलं असतं! टोकस बाई पक्षात राहिल्या, प्रदेश महिला काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या, २०१९ ला वर्ध्यातून लढल्या आणि तडसांकडून हरल्या. म्हणजे त्या २०१४ ला जिंकल्या असत्या असं मी म्हणत नाही. मोदी लाट होती, कुणीही उभं राहिलं असतं तरी पडलं असतं.

लातूरच्या पराभवाचंही तसंच. आकडे नीट पाहा. २००९ ला आवळे यांना ३,७२,८९० मतं होती, २०१४ ला बनसोडे यांना ३,६३,११४. काँग्रेसची मतं दहा हजारांनीही घटली नाहीत. वाढली ती समोरच्याची, ३,६४,९१५ वरून ६,१६,५०९. नवीन मतदार, तरुण, यूपीएवर रागावलेले, सगळे तिकडे गेले. विलासरावांविना झालेल्या पहिल्या लोकसभेत आपली जुनी मतं जवळजवळ टिकवून धरणारा उमेदवार ‘पडेल’ म्हणून हिणवला गेला, हा त्याच्यावर अन्याय आहे. आमच्या सहकाऱ्याचा निष्कर्ष इथे कोसळतो. लातूरने प्रामाणिक माणूस नाकारला असं नाही. लातूरने त्या वर्षी उमेदवाराकडे पाहिलंच नाही.

मग नांदेड कसं राखलं गेलं? २७ डिसेंबर २०१३ ला राहुल गांधींनी जाहीर सांगितलं होतं की आदर्श चौकशी आयोगाचा अहवाल फेटाळण्याचा महाराष्ट्र सरकारचा निर्णय त्यांना मान्य नाही. न्यायमूर्ती जे. ए. पाटील यांचा तो अहवाल. त्यात ज्या माजी मुख्यमंत्र्यांवर ठपका होता त्यांत अशोक चव्हाण, विलासराव देशमुख आणि निलंगेकर ही तिन्ही नावं आपल्या दोन जिल्ह्यांतली, सुशीलकुमार शिंदे सोलापूरचे. तीन महिन्यांत त्याच पक्षाने नांदेडचं तिकीट अशोकरावांना दिलं. विद्यमान खासदार भास्करराव पाटील खतगावकर, अशोकरावांचेच मेहुणे, बाजूला झाले आणि पुढे तेही भाजपमध्ये गेले. म्हणजे एका जिल्ह्यात शुद्धीकरणाचा प्रयोग आणि पलीकडच्या जिल्ह्यात ‘निवडून येणारा कोण’ एवढाच विचार. अंतर फार तर दीडशे किलोमीटर.

‘पेड न्यूज’चं प्रकरण आजच्या मुलांना माहीत नसेल. २००९ च्या विधानसभेत भोकरमध्ये अशोकरावांसमोर माधवराव किन्हाळकर होते. निवडणुकीच्या दिवसांत मोठमोठ्या मराठी दैनिकांत मुख्यमंत्र्यांच्या स्तुतीची पानंच्या पानं आली. वेगवेगळ्या वृत्तपत्रांत शब्दाला शब्द जुळणारा मजकूर होता. खर्चाच्या हिशेबात मात्र वृत्तपत्रातल्या जाहिरातींचा खर्च दाखवला होता ५,३७९ रुपये. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे उघड केलं. किन्हाळकर निवडणूक आयोगाकडे गेले. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयोगाला अशी चौकशी करण्याचा अधिकार आहे असं म्हटलं, जुलैत आयोगाने चव्हाणांविरुद्ध निर्णय देऊन नोटीस काढली आणि सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा आदेश रद्द केला. आदर्शमध्येही २०१६ ला राज्यपालांनी खटल्याला दिलेली परवानगी मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये रद्द केली. न्यायाची बाब म्हणून हे सांगितलंच पाहिजे. कोणत्याही न्यायालयाने त्यांना दोषी ठरवलेलं नाही. पण मतदार म्हणजे फौजदारी न्यायालय नव्हे. दोषी नाही एवढ्यावर कुणी अमीन ठरत नाही, नाहीतर आपण शेजाऱ्याकडे किल्ली ठेवताना त्याचा निकाल मागितला असता.

नांदेडच्या मुसलमानांना हे सगळं ठाऊक होतं. २०१२ च्या महापालिका निवडणुकीत त्यांनी राग दाखवलाही. मजलिसचे अकरा नगरसेवक निवडून आले, महाराष्ट्रात मजलिसचा पाय पहिल्यांदा घट्ट रोवला गेला तो नांदेडला. आणि २०१७ ला तेच मतदार परतले. ८१ पैकी ७३ जागा काँग्रेसला, मजलिसला शून्य. बाहेरचे विश्लेषक याला मेंढरांचा कळप म्हणाले. मला तसं वाटत नाही. मजलिसच्या नगरसेवकांना पाच वर्षं तोलून बघितलं गेलं होतं. भाषण तेज, पण नळ, नाली, शाळेची खोली यात काही दिसलं नाही. आणि दुसऱ्या पारड्यात १९४८ चं जुनं वजन होतंच. दार उघडणारा कोण? अशोकरावांचं दार उघडायचं, हे त्यांचे विरोधकही नाकारत नाहीत.

पण त्या मापाची मर्यादा फेब्रुवारी २०२४ ला दिसली. आदर्शचा उल्लेख असलेली श्वेतपत्रिका केंद्र सरकारने संसदेत मांडली आणि त्यानंतर आठवड्याच्या आत अशोकराव भाजपमध्ये होते, लगेच राज्यसभेत. त्याआधी २०१९ ला ते लोकसभेला प्रतापराव पाटील चिखलीकरांकडून ४०,१४८ मतांनी हरले होते. वंचितच्या उमेदवाराने तेव्हा १,६६,१९६ मतं घेतली, आणि मत फोडलं म्हणून वंचितला मत देणाऱ्या मुसलमानांना मोहल्ल्यात तोंड दाखवणं मुश्कील झालं होतं. ज्यांनी सगळे दोष झाकून निष्ठा राखली त्यांना २०२४ च्या त्या सकाळी काय वाटलं असेल? मी एका जुन्या कार्यकर्त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, “सर, दोष आम्हाला दिसत होते. आम्ही त्यांची किंमत लावली होती. ती किंमत चुकली.” हा माणूस सातवी पास आहे. कोणत्याही राज्यशास्त्राच्या पुस्तकापेक्षा मला हे नेमकं वाटलं. दोष असणं हा प्रश्नच नव्हता, सगळ्यांत असतात. कोणत्या दोषापायी माणूस उद्या आपल्याला सोडेल, हे ओळखायचं होतं. ज्याच्या मानेवर फाइल टांगलेली आहे, त्याचं दार कुणाच्या तरी एका फोनवर बंद होऊ शकतं. त्यामुळे ‘भ्रष्टाचाराचं आम्हाला काय, आमचं संरक्षण करतो ना’ हे दोन वेगळे हिशेब नाहीतच. एकच हिशेब आहे, फक्त हप्ता उशिरा येतो.

त्याच वर्षी मे-जूनमध्ये नांदेडने वसंतराव चव्हाणांना निवडून दिलं, ५९,४४२ मतांनी. ऑगस्टमध्ये त्यांचा इंतकाल झाला. नोव्हेंबरच्या पोटनिवडणुकीत त्यांचे पुत्र रवींद्र चव्हाण १,४५७ मतांनी आले. एवढ्या मोठ्या मतदारसंघात दीड हजारांचा फरक म्हणजे दर बूथवर एक मतसुद्धा नाही.

प्रमाण मागायची साधनं आज आपल्या हातात आहेत, ती १९४६ ला नव्हती. २००३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून प्रत्येक उमेदवाराला शपथपत्रात गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण लिहावं लागतं. २०२० च्या आदेशाने तर पक्षालाही सांगावं लागतं की गुन्हे दाखल असलेला हाच उमेदवार का निवडला, आणि फक्त ‘निवडून येण्याची क्षमता’ हे कारण चालत नाही. ते कारण वृत्तपत्रात छापून येतं. मी ती छापील कारणं वाचतो. बहुतेकदा लिहिलेलं असतं की उमेदवार लोकप्रिय आहे, समाजसेवी आहे आणि गुन्हे राजकीय हेतूने दाखल झाले आहेत. नावं बदलतात, वाक्यं तीच. अस्माउर्रिजालच्या ग्रंथात प्रत्येक रावीपुढे असं एकच वाक्य लिहिलं असतं तर इमाम जहबींना ‘मीजानुल एतिदाल’ लिहायचं कामच उरलं नसतं.

तरीही शपथपत्र वाचावं. दोन निवडणुकांची शेजारी शेजारी ठेवली की पाच वर्षांत जमीन किती वाढली ते दिसतं. कोणत्या गुन्ह्यात आंदोलनाची कलमं आहेत आणि कोणत्यात फसवणुकीची, हे वकील नसलेल्यालाही कळतं. आमच्याकडे जुम्याच्या नमाजनंतर उमेदवारांवर चर्चा रंगते. तिथे त्या कागदाची प्रत घेऊन आलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. भाषणाच्या क्लिप मात्र सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असतात.

प्रायमरीचं पुढे काय झालं? बडोद्यात प्रायमरी जिंकलेले नरेंद्र रावत यांना मोदी तिथून उभे राहताच मधुसूदन मिस्त्रींसाठी बाजूला व्हावं लागलं, तेव्हाच प्रयोगाचा जीव गेला होता. २०१९ ला लातुरात काँग्रेसने मच्छिंद्र कामत यांना उभं केलं, तेव्हा कार्यकर्त्यांचं मतदान झालं नाही. २०२४ ला डोळ्यांचे डॉक्टर शिवाजी काळगे आले, तेव्हाही नाही. काळगे ६१,८८१ मतांनी निवडून आले. वर्ध्याची जागा तर २०२४ ला काँग्रेसकडे राहिलीच नाही, ती शरद पवारांच्या पक्षाला गेली आणि अमर काळे तिथून जिंकले. लातुरात ज्यांनी २०१४ च्या मार्चमध्ये आपला उमेदवार स्वतः निवडण्यासाठी मत दिलं होतं, त्यांतले बरेच जण अजून पक्षात आहेत. त्यांना त्यानंतर पुन्हा कुणी विचारलेलं नाही.